क्वांटम डॉट लेझर आणि शंभर टँकरमधला एक ग्रॅम

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त रोहा येथे भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी काही ठिकाणी वाढवून लिहिले आहे.)



प्रारंभीच एक कबुली देऊन टाकतो. मी बी. ए., बी. एड. झालेला शिक्षक आहे. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. विज्ञान दिनाला इतिहासाच्या मास्तराने बोलावे हे जरा विचित्रच आहे, आणि आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी मला चहा पाजून या कामाला लावले, हेही खरे आहे. पण विषय मात्र माझा मीच निवडला. झाले असे की, नववीच्या वर्गातील एका मुलीने मला विचारले, "सर, बाजारातल्या दुकानात टीव्हीवर क्यूएलईडी लिहिलेलं असतं, त्यातला क्यू म्हणजे काय?" मला ठाऊक नव्हते. "उद्या सांगतो" म्हणालो. त्या उद्याला पुढे तीन महिने लागले, कारण एका प्रश्नातून दुसरा प्रश्न निघत गेला. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

क्यू म्हणजे क्वांटम. त्या पडद्यामध्ये 'क्वांटम डॉट' नावाचे अतिशय बारीक स्फटिक बसवलेले असतात. मराठीत त्यांना पुंज-ठिपके म्हणता येईल. किती बारीक? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे ठिपके साधारण २ ते १० नॅनोमीटर जाडीचे असतात. आपल्या डोक्याचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. आता तुम्हीच हिशेब करा.

पण बारीकपणा ही यातली खरी नवलाची गोष्ट नव्हे. आमचे पेण गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. पेणच्या किंवा हमरापूर, जोह्याच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल की तांबडा रंग वेगळा, निळा वेगळा. एका डब्यातून दुसरा रंग निघत नाही. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे आपले पुष्कळ बांधव आहेत, त्यांनाही हेच ठाऊक आहे. पदार्थ बदलला की रंग बदलतो. क्वांटम डॉटच्या बाबतीत हा नियम मोडतो. कॅडमियम सेलेनाइड नावाचा एकच पदार्थ घ्या. त्याचा कण सुमारे २ नॅनोमीटरचा असेल तर तो निळा प्रकाश देतो, थोडा मोठा केला की हिरवा, आणखी वाढवला की पिवळा, आणि ६ नॅनोमीटरच्या आसपास तांबडा. पदार्थ तोच, फक्त आकार वेगळा.

याचे कारण सतारीच्या तारेवरून समजते. तार बोटाने दाबून आखूड केली की सूर चढतो. स्फटिकाच्या आतला इलेक्ट्रॉन हा तरंगासारखा वागतो. त्याला राहायला जितकी लहान खोली द्यावी तितकी त्याची ऊर्जा चढते. प्रकाशाच्या भाषेत चढा सूर म्हणजे निळा आणि उतरलेला सूर म्हणजे तांबडा.

ही गोष्ट प्रत्यक्षात प्रथम दिसली ती काचेत. लेनिनग्राड येथे अलेक्सेई एकिमोव्ह हे रंगीत काचेचा अभ्यास करीत होते. काचेत त्यांनी कॉपर क्लोराइड मिसळले, आणि काच ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान कधी एक तास तर कधी तब्बल ९६ तास तापवली. काचेत तयार झालेल्या कणांचा आकार जसा बदलला तसा त्यांनी शोषलेला प्रकाशही बदलला. हे साल १९८१. इकडे अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत लुई ब्रुस हे द्रावणात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांवर काम करीत होते. त्यांचे द्रावण एक दिवस टेबलावर तसेच राहिले, आणि पाहतात तो त्याचे प्रकाशाचे गुणधर्म बदललेले! कण रातोरात वाढले होते. कोणी दुसरा असता तर बाटली मोरीत ओतून त्याने नवे द्रावण केले असते. ब्रुस यांनी तसे न करता कारण शोधले आणि १९८३ साली ते प्रसिद्ध केले. पाण्यात किंवा तेलात न विरघळता आणि तळाशीही न बसता असे कण तरंगत राहतात, तेव्हा त्याला कलिल म्हणतात. दूध हे आपल्या घरातले कलिल. म्हणून या ठिपक्यांना कलिल क्वांटम डॉट हे नाव पडले.

आता तिसरे गृहस्थ. त्यांच्याविषयी मी जरा सविस्तर सांगणार आहे.

मुंजी बावेंडी यांचा जन्म १९६१ साली पॅरिसमध्ये झाला. आई फ्रेंच, वडील मोहम्मद सालाह हे ट्युनिशियाचे गणितज्ञ. बालपण फ्रान्स आणि ट्युनिशियात गेले, मग वडिलांबरोबर ते अमेरिकेत आले. शाळेत हुशार. फार अभ्यास न करता गुण मिळत. पुढे हार्वर्ड या नामांकित विद्यापीठात गेले आणि तिथे रसायनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेला बसले. पहिला प्रश्न येईना, दुसराही येईना. निकाल लागला तेव्हा १०० पैकी २० गुण! वर्गात सर्वांत कमी. ही गोष्ट त्यांनी स्वतःच पत्रकारांना सांगितली, आणि कधी, तर २०२३ साली एकिमोव्ह आणि ब्रुस यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले त्या दिवशी. ज्या विषयात २० गुण, त्याच विषयात नोबेल.

मधल्या काळात त्यांनी काय केले? अभ्यास कसा करावा हे ते नव्याने शिकले. ब्रुस यांच्या हाताखाली काम केले, पुढे मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत प्राध्यापक झाले, आणि १९९३ साली त्यांच्या गटाने सगळे ठिपके एकाच मापाचे तयार करण्याची रीत शोधली. त्याआधी लहान-मोठे कण एकत्र निघत आणि रंग गढूळ येई. बावेंडींची रीत आपल्या भगिनींना चटकन समजेल, कारण ती बुंदी पाडण्यासारखी आहे. तापलेल्या द्रवात कच्चा माल एकदम सोडायचा. सगळे कण एकाच क्षणी जन्मतात. थंड माल पडल्याने द्रवाचे तापमान उतरते, त्यामुळे नवीन कण जन्मत नाहीत. मग आच वाढवून जन्मलेले कण सारखे वाढवायचे, आणि हवा तो रंग आला की थांबायचे. ऐकायला सोपे वाटते, पण यामागे कित्येक वर्षांचे काम आहे.

बावेंडी हे नाव ऐकून आपल्याला थोडा आपलेपणा वाटला तर त्यात गैर काही नाही. लेझरच्या अतिवेगवान झोतांनी रासायनिक क्रिया घडताना पाहणारे, १९९९ चे नोबेल मिळवणारे इजिप्तचे अहमद झेवेल यांच्याविषयीही आपल्याला तसेच वाटते. प्रकाशावर 'किताब अल-मनाझिर' लिहिणारे बसऱ्याचे इब्न अल-हैसम हे तर हजार वर्षांपूर्वीचे. पण आमच्या सभांतून पूर्वजांची नावे घेऊन टाळ्या मिळवण्याची जी सवय लागली आहे ती मला फारशी पसंत नाही. इब्न अल-हैसम यांचे नाव घेणाऱ्याच्या घरात एक साधे भिंग तरी असावे.

असो. आता लेझरकडे वळू. बाजाराच्या दिवशी जो गोंगाट असतो तो दिव्याच्या प्रकाशासारखा. प्रत्येकजण आपल्या परीने, आपल्या वेळी ओरडतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात लेझीम चालते तेव्हा शंभर मुलांचा एकच ठेका पडतो. लेझरचा प्रकाश तसा असतो. नावातील साम्य योगायोगाचे, पण लक्षात ठेवायला बरे. ऊर्जा भरलेल्या अणूजवळून प्रकाशाचा एक कण गेला तर तो अणू अगदी तसाच दुसरा कण सोडतो, हे आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडले. प्रत्यक्ष लेझर १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी माणकाचा स्फटिक वापरून पेटवला. आपल्या समोरच, मुंबई बंदराच्या पाण्यापलीकडे ट्रॉम्बेला, त्याच दशकात भारतीय शास्त्रज्ञांनी अर्धवाहक लेझर तयार केला होता. पुण्याच्या विद्यापीठात प्रा. सुलभा कुलकर्णी यांनी अर्धवाहकांच्या अतिसूक्ष्म कणांवर वर्षानुवर्षे संशोधन केले आणि नॅनोतंत्रज्ञानावर पाठ्यपुस्तक लिहिले. म्हणजे ही विद्या काही सातासमुद्रापलीकडचीच आहे असे नाही.

क्वांटम डॉटमधून लेझर काढायचा तर एक मोठी अडचण होती. लेझरसाठी ठिपक्यात ऊर्जेचे दोन भाडेकरू एकाच वेळी ठेवावे लागतात. खोली इवलीशी, त्यामुळे दोघांचे भांडण होते. एक आपली ऊर्जा दुसऱ्याच्या अंगावर टाकतो आणि तिची नुसती उष्णता होते. हे सगळे सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्याही आत. २००० साली लॉस अलामोस येथील व्हिक्टर क्लिमोव्ह, बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिपके दाटीने बसवून, त्यांच्यावर प्रकाशाचे जोरदार झोत टाकून दाखवले की, भांडण होण्यापूर्वीच प्रकाश काढून घेता येतो. पुढे ठिपक्याभोवती दुसऱ्या पदार्थाचे जाड कवच चढवण्याची युक्ती निघाली. खोलीला ओटी काढावी तसे. भाडेकरूंना जागा मिळाली आणि भांडण कमी झाले.

आता मला आपल्याला विजापूरला न्यायचे आहे. आपल्यापैकी काहीजण सहलीने तिथे गेले असतील. मोहम्मद आदिलशहाचा गोल घुमट १६५६ साली पुरा झाला. घुमटाच्या आतला व्यास सुमारे ३८ मीटर. वरच्या सज्जात भिंतीजवळ तोंड नेऊन कुजबुजले की ती कुजबुज समोरच्या बाजूला कान लावलेल्या माणसाला स्वच्छ ऐकू येते. आवाज गोल भिंतीला घासून, तिच्या कडेकडेने जातो. विज्ञानात याला कुजबुजता सज्जा म्हणतात.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात संशोधकांनी नेमके असेच घुमट बांधले आहेत, पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे आणि त्याहूनही लहान. ते कसे? ठिपके असलेल्या तेलकट द्रवाचे बारीक थेंब पाण्यात तयार करायचे. थेंबातला द्रव हळूहळू उडून जातो आणि ठिपके एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. सरांना बुंदीशिवाय उदाहरण सुचत नाही असे मुले म्हणतील, पण हा खरोखर बुंदीचा लाडू आहे! या लाडवावर बाहेरून प्रकाशाचा झोत टाकला की आतील ठिपके चमकतात, त्यांचा प्रकाश गोळ्याच्या कडेने घुमटातल्या कुजबुजीसारखा गोल गोल फिरतो, फिरता फिरता वाढतो आणि त्याचा लेझर होतो. गोळाच लेझर आणि गोळाच आरसा.

याने ओळख कशी पटते, मोजमाप कसे होते, हा आजच्या विषयाचा गाभा आहे. क्षणभर तसबीह डोळ्यांपुढे आणा. दोऱ्यात पूर्ण मणीच बसतात, अर्धा मणी बसत नाही. गोळ्याच्या कडेने फिरणाऱ्या प्रकाशाचेही तसेच आहे. एका फेरीत तरंगांची पूर्ण संख्या बसली तरच तो टिकतो. आता गोळ्याच्या पृष्ठभागावर बाहेरून येऊन काही चिकटले, तर प्रकाशाची वाट कणभर लांबते. दोरा लांबला, पण मण्यांची संख्या तीच. तेव्हा प्रत्येक मणी किंचित मोठा व्हावा लागतो. तरंग लांबला म्हणजे रंग किंचित तांबड्याकडे सरकला. हे सरकणे मोजले की काहीतरी येऊन चिकटले हे कळते. गोळ्याला आधीच असा लेप द्यायचा की जो फक्त ठराविक पदार्थालाच धरून ठेवील. मग काय चिकटले तेही कळते.

येथे एक शंका रास्त आहे. यासाठी लेझरच कशाला? ठिपके साधेही चमकतातच की. याचे उत्तर आपल्या शिंप्याकडे आहे. जाड खडूची रेघ सूतभर सरकली तर कोणाच्या लक्षात येणार? सुईने केलेली खूण सरकली तर लगेच दिसते. ठिपक्यांच्या साध्या प्रकाशाचा पट्टा २०-३० नॅनोमीटर रुंद असतो. लेझरची रेघ १ नॅनोमीटरहूनही बारीक. म्हणून इतके सूक्ष्म सरकणे लेझरमध्येच पकडता येते.

हे सारे आपल्याला कशासाठी हवे? पेणला भोगावती, रोह्याला कुंडलिका. एका बाजूला रासायनिक उद्योग, दुसऱ्या बाजूला खाडी, मासळी आणि भातशेती. भारतीय मानक संस्थेच्या नियमाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात पारा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा त्याचा काहीच बोध झाला नाही. मग कागद घेऊन बसलो. याचा अर्थ दहा लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. उन्हाळ्यात आपल्याकडे दहा हजार लिटरचे पाण्याचे टँकर येतात ना? असे शंभर टँकर, आणि त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम. तो ना डोळ्याला दिसत, ना जिभेला लागत. तो मोजण्याची यंत्रे आजही आहेत, पण ती मोठी आणि महाग. नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची. नदीच्या काठावरच, थेंबभर पाण्यात, काही मिनिटांत सांगणारे साधन हवे, आणि त्यासाठी जगात ज्या अनेक वाटा चोखाळल्या जात आहेत त्यांपैकी हे इवले लेझर ही एक वाट आहे. रक्तातील रोगाची खूण ओळखण्यासाठीही हाच विचार चालला आहे.

वर्तमानपत्रे याला क्रांती म्हणतील. मी म्हणणार नाही. टीव्हीतले ठिपके दुकानात आले आहेत, लेझर अजून प्रयोगशाळेतच आहे. त्याला पेटवायला बहुधा दुसरा लेझर लागतो. नुसत्या विजेच्या प्रवाहाने ठिपक्यांत प्रकाश वाढवता येतो एवढे क्लिमोव्ह यांच्या गटाने २०२३ साली दाखवले; खिशात मावणारे सोपे यंत्र त्यापुढे बरेच दूर आहे. शिवाय कॅडमियम स्वतःच विष आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम. विष शोधायला निघालेले साधनच विषाचे! म्हणून युरोपने विजेच्या उपकरणांतील कॅडमियमवर कडक बंधने घातली, आणि टीव्हीत इंडियम फॉस्फाइडचे ठिपके आले. हे काम अपुरे आहे, हे मी मुद्दाम सांगतो. पुरे झालेल्या कामात आपल्या मुलांना फक्त गिऱ्हाईक म्हणून जागा असते.

आता एक गोष्ट जड मनाने सांगतो. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी दहावीला चांगले गुण मिळवून अकरावी विज्ञानाला गेला. मराठी माध्यमातून गेलेला मुलगा, तिकडे सगळे इंग्रजीत. पहिल्याच चाचणीत रसायनशास्त्रात त्याला २५ पैकी ४ गुण पडले. त्याने जाणे बंद केले. त्याचे वडील मला भेटायला आले. म्हणाले, "सर, पोराला झेपत नाय. काय करू?" त्यांना वाटत होते की मी मुलाला समजावीन. मी काय म्हणालो? "जाऊ द्या, विज्ञान सर्वांसाठी नसतं." दोन मिनिटांत विषय संपवला. मला पुढच्या तासाला जायचे होते.

तो मुलगा आज आखातात एका गोदामाचा हिशेब ठेवतो. घर बांधले, बहिणीचे लग्न केले. त्याची काही तक्रार नाही. भेटला की आदराने सलाम करतो. तक्रार माझी माझ्याशीच आहे. २५ पैकी ४ म्हणजे १०० पैकी १६. बावेंडींच्या २० मध्ये आणि या १६ मध्ये कितीसे अंतर होते? तो नोबेल मिळवता असे मी म्हणत नाही. पण त्याला नापास परीक्षेने केले की माझ्या त्या एका वाक्याने, हे मला आजही सांगता येत नाही.

तेव्हा पालकहो, आपल्या घरी यंदा अशी चाचणी झाली आणि गुणपत्रक पाहून मन खचले, तर निर्णय घेण्यापूर्वी शाळेत या. मला भेटा, रसायनशास्त्र मला येत नाही, पण ज्यांना येते ते शिक्षक मला ठाऊक आहेत. मुलींच्या पालकांना विशेष सांगणे आहे. पेणला विज्ञान महाविद्यालय आहे, आणि रोह्याहून तिथे जाण्यास रेल्वे आणि एस. टी. दोन्ही आहेत. बी. एस्सी. नंतर 'जाम' नावाची परीक्षा देऊन आयआयटीत एम. एस्सी. करता येते. बारावीनंतर थेट जायचे तर पुण्याला २००६ पासून आयसर ही संस्था आहे, तिची प्रवेशपरीक्षा वेगळी. डॉक्टर आणि इंजिनिअर या दोन शब्दांपलीकडे आपल्या घरात तिसरा शब्द फारसा उच्चारला जात नाही, म्हणून ही माहिती दिली.

ज्या मुलीने क्यू म्हणजे काय विचारले होते, ती समोरच बसली आहे. तिने घरून हळद आणली आहे. ती स्पिरिटमध्ये कालवून या बाटलीत ठेवली आहे. नोटा तपासायचा जांभळा दिवा दुकानदारांनी उसना दिला आहे. हे क्वांटम डॉट नव्हेत, ते आम्हाला कुठले मिळायला. पण एक प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणे म्हणजे काय, ते हळदीतही दिसते. मागच्या खिडक्या बंद करा, आणि पुढे बसलेल्या लहान मुलांना जरा वाट द्या. दिवा तीच लावील.